गावोगावी जाणारी सेवा-गाडी बांधायची असेल तर: विदर्भातल्या नवख्यांसाठी

फिरता दवाखाना, डोळे किंवा दात तपासणीची गाडी, जनावरांचा फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, माती परीक्षणाची गाडी. काम कोणतंही असो, अशी गाडी बांधायला निघालेल्या संस्थेची पहिली बैठक बहुतेक वेळा उपकरणांच्या यादीवर होते. यादी लांबते, मग ती मावेल एवढी मोठी गाडी शोधली जाते. ती गाडी मेळघाटात डोंगरावरच्या कोरकू वस्तीपर्यंत, यवतमाळातल्या कोलामांच्या पोडापर्यंत किंवा भामरागडच्या पलीकडच्या टोल्यापर्यंत पोहोचतच नाही. शेवटी ती तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी राहते. तिथे सेवा आधीपासून असते.

म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे. आधी रस्ता आणि वार ठरवा, मग वजन, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी उपकरणं. उदाहरणं बहुतेक आरोग्याच्या गाडीची आहेत, कारण विदर्भात सर्वाधिक मागणी तिलाच आहे. पण वाचनालय किंवा पशुवैद्यकीय गाडी बांधणाऱ्यालाही हाच क्रम लागू पडतो.

पहिली पायरी: रस्ता आणि वार

गाडी घेण्याआधी ज्या गावांना जायचं आहे त्या सगळ्या गावांत दुचाकीने किंवा जीपने फिरून या. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात. दोन्ही ऋतूंत तोच रस्ता वेगळा असतो. उन्हाळ्यात सहज पार होणारा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, जुलैत पाण्याखाली जातो. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत आहे. नागपुरात बसून वेळापत्रक आखणाऱ्याला मात्र ते माहीत नसतं. वाशीम, अकोला, यवतमाळच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पक्की सडक सोडून पांदण रस्त्यावर चाक घातलं आणि पाऊस झालेला असला, तर ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय गाडी निघत नाही.

फिरताना वहीत या गोष्टी लिहा: रस्त्याची सगळ्यात अरुंद जागा, सगळ्यात खाली आलेली फांदी किंवा विजेची तार, प्रत्येक रपटा, गाडी वळवता येईल अशी जागा, सावलीचं मोठं झाड, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत वीज मिळते का, आणि मोबाइलला रेंज आहे का. तारांची उंची पाहायला दहा फुटांवर ठळक खूण केलेला कोरडा बांबू सोबत ठेवा. तो तारेला लावू नका, लांबून डोळ्यांनी अंदाज घ्या. गावात घरोघरी गेलेल्या तारा फार खाली लोंबतात आणि छतावर एसी बसवलेली गाडी सहज दहा फुटांच्या वर जाते. रेंजचा मुद्दाही साधा नाही. रुग्णांची नोंद ठेवणारं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालत नसेल तर एटापल्ली तालुक्यात ते निरुपयोगी आहे.

मग वार आणि वेळ. पश्चिम विदर्भात ऑक्टोबर ते जानेवारी कापसाची वेचणी असते. बाया सकाळी शेतात जातात त्या दिवस मावळता परततात. सकाळी अकराला गेलेल्या गाडीला फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. मेळघाटातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला हमखास गावी येतात. गर्भवतींची किंवा सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी राहून गेली असेल तर होळीचा आठवडा सोडू नका. संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ कामाची ठरते, पण त्यासाठी गाडीला बाहेरचे दिवे लागतात आणि परतीचा रस्ता रात्री खुला असावा लागतो. मेळघाट आणि ताडोबाच्या परिसरात वनविभागाच्या गेटच्या वेळा असतात, त्या आधी विचारून घ्या.

आठवडी बाजाराचा दिवस अनेकांना सोयीचा वाटतो. आजूबाजूच्या गावांची माणसं तिथे येतात हे खरं. पण गोंगाटात स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही आणि बाई मोकळेपणाने बोलत नाही. रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी एवढ्यासाठी बाजार ठीक आहे. विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्याचं प्रमाण पाहता तोंडाची तपासणी तर बाजारातच करावी. बाकीच्या कामाला गावच बरं.

एकदा वार ठरला की तो मोडू नका. "मंगळवारी गाडी येते" हे गावाच्या बोलण्यात आलं की निम्मं काम झालं. हा वार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून ठरवा, म्हणजे लसीकरणाच्या दिवसाशी टक्कर होणार नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटा. आदिवासी भाग असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयातही जा. धारणी, पांढरकवडा, चिमूर, देवरी, अहेरी, भामरागड इथे ती कार्यालयं आहेत. कोरकू, गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणारा माणूस चमूत हवाच. ही गाडीची नाही, माणसांची बाब आहे, पण तिची तजवीज पहिल्या दिवसापासून झाली पाहिजे.

दुसरी पायरी: आत काय, बाहेर काय

नवख्यांना सगळं गाडीच्या आत हवं असतं: नोंदणी, प्रतीक्षा, तपासणी, प्रयोगशाळा, औषधं. प्रत्यक्षात ज्याला बंद खोली लागते तेवढंच आत ठेवावं. बायकांची तपासणी, रक्ताच्या नमुन्यांवरचं काम, दातांची खुर्ची, थंड ठेवायच्या लशी आणि औषधं, बस. नोंदणी, वजन-उंची, रक्तदाब, समुपदेशन आणि औषधवाटप हे सगळं गाडीच्या डाव्या बाजूला ओढून काढायच्या छताखाली, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात होऊ शकतं.

याला एक साधं कारण आहे. ट्रकच्या चॅसीवर (इंजिन आणि चाकांसह नुसत्या सांगाड्यावर) बांधलेल्या गाडीची फरशी जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असते. गुडघे दुखणारी आजी तिथे चढत नाही. उतार करावा म्हटलं तर चाकाच्या खुर्चीसाठी धरतात तो एकास बाराचा उतार तीन फूट उंचीला छत्तीस फूट लांब होतो. तो कुठल्याच गाडीत मावत नाही. हायड्रॉलिक लिफ्ट बसते, पण तिचं वजन भरपूर आणि दुरुस्ती शहरात. म्हणून निम्म्याहून अधिक लोकांना गाडीत चढायची गरजच पडू नये असं काम आखा. चढावं लागेल तिथे सात-आठ इंचांहून उंच नसलेल्या घडीच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना पकडायला दांडा द्या. दरवाजा डाव्या बाजूलाच असू द्या, म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी उभी केल्यावर माणसं वाहतुकीत उतरणार नाहीत.

डोळे तपासणीच्या गाडीबाबत हे जास्तच खरं आहे. दृष्टी तपासायचा तक्ता सहा मीटरवर लावायचा असतो. गाडीत एवढी लांबी मिळत नाही, म्हणून आरसा लावून तीन मीटरांत काम भागवतात. पण शाळेचा व्हरांडा उपलब्ध असेल तर आरशाचा खर्च आणि जागा दोन्ही वाचतात. जनावरांच्या गाडीत तर जनावर आत येणारच नाही. तिथे जनावर अडकवायचा खोडा आणि टेबल बाहेर, आत फक्त औषधं, फ्रिज आणि सूक्ष्मदर्शक. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ क्रमांकाच्या फिरत्या पथकांच्या गाड्या जवळून पाहा, त्यातून बरंच शिकता येईल.

तिसरी पायरी: वजनाचा हिशेब

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक चॅसीला कंपनीने ठरवून दिलेलं एकूण वजन असतं. त्यातून चॅसी आणि बॉडीचं वजन वजा केलं की उरतं ते माणसं, पाणी, बॅटरी आणि सामानाचं. समजा तुमच्या गाडीत असे १,२०० किलो उरले. ऐकायला भरपूर वाटतात. आता मोजा.

चालक धरून सहा माणसं, प्रत्येकी ६५ किलो: ३९०. पाणी १५० लिटर: १५०. इन्व्हर्टरच्या चार मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या: साधारण २३०. लहान जनरेटर आणि त्याची पेटी: १२०. दीड टनाचा एसी, आतला-बाहेरचा मिळून: ४५. कपाटं, टेबलं, बाक: २००. बाहेरचं घडीचं छत आणि खुर्च्या: ४०. औषधं, हत्यारं, कागद, डबे: १००. बेरीज १,२७५. एकही तपासणी यंत्र अजून आत आलेलं नाही आणि गाडी मर्यादेच्या बाहेर गेली आहे.

जादा वजनाची गाडी शहरात चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात ब्रेक तापू लागतात, स्प्रिंगचे पाटे बसतात, मागचे टायर वेळेआधी जातात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते. तेव्हा वजन कागदावरच कमी करा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या महाग असतात, पण वरच्या चार बॅटऱ्यांएवढंच वापरता येणारं काम पन्नासेक किलोंत करतात. पाणी १५० ऐवजी ६० लिटर न्या, गावात पाणी मिळतं. लाकडी कपाटांऐवजी ॲल्युमिनियमची चौकट आणि हलके पॅनेल वापरा. एवढ्याने अडीचशे किलोंच्या वर बचत होते आणि यंत्रांना जागा मिळते.

वाचनालयाच्या गाडीला वाटतं की आपल्याकडे वजन नाही. पुस्तक सरासरी पाव किलो धरा, दोन हजार पुस्तकं म्हणजे अर्धा टन, तेही उंचावर आणि एकाच भिंतीला. जड पुस्तकं खालच्या फळीवर ठेवा, फळ्या मागे थोड्या झुकत्या करा आणि दोन्ही भिंतींवर भार वाटून द्या.

भार पुढच्या-मागच्या चाकांवर कसा पडतो तेही बघा. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या (अ‍ॅक्सलच्या) मध्ये, शक्य तितक्या खाली. मागच्या चाकांच्या मागे जनरेटर, टाकी, स्टेपनी असं सगळं लटकवलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात स्टीअरिंग नीट लागत नाही. मागचा लटकता भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त नसावा असा नियमच आहे.

चौथी पायरी: चॅसी निवडणं

आता गाडी निवडा. मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या गावांसाठी फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारखी तयार व्हॅन चांगली, कारण फरशी खाली असते, आत माणूस उभा राहतो आणि बॉडी कारखान्यातूनच येते. दातांची खुर्ची, एक्स-रे असं जड काम असेल तर टाटा ४०७ च्या वर्गातली चॅसी घेऊन बॉडी बांधून घ्यावी लागते. डोंगर आणि जंगलातल्या वस्त्यांसाठी बोलेरोसारखी उंच, अरुंद गाडी बरी.

माझं स्पष्ट मत असं आहे की एका मोठ्या गाडीच्या पैशांत एक मध्यम व्हॅन आणि एक दुचाकी किंवा जीप घेणं विदर्भात जास्त उपयोगी पडतं. व्हॅन पक्क्या रस्त्यावर थांबते, परिचारिका आणि आशाताई पेटी घेऊन पुढच्या वस्तीत जातात, नमुने घेऊन परत येतात. पावसाळ्याचे चार महिने याच पद्धतीवर निघतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही कमी दिसो, गाडी घालायची नाही. हा नियम चालकाच्या नेमणूकपत्रात लिहा आणि परत फिरल्याबद्दल त्याला कधीही बोल लावू नका.

एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक अशी गाडी चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आसपासच्या गावातला, रस्ता ओळखणारा चालक मिळणं त्यामुळे सोपं होतं.

बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा निकष) डिझेल गाड्यांबद्दल विक्रेता क्वचितच सांगतो अशी एक गोष्ट. धुरातली काजळी अडवणाऱ्या त्यांच्या फिल्टरला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर, इंजिन तापेल अशी धाव लागते. गाडी उभी ठेवून एसीसाठी तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं, वर रोज पाच-सहा किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या, तर फिल्टर तुंबतो आणि इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. तेव्हा आतल्या विजेसाठी इंजिनावर अवलंबून राहू नका. काही इंजिनांना युरियाचं द्रावण वेगळं भरावं लागतं. सिरोंचा किंवा कोरचीला जाणाऱ्या गाडीत त्याचा एक कॅन कायम असू द्या.

पाचवी पायरी: बॉडी बांधून घेणं

नागपूर, अमरावती, अकोल्यात बॉडी बांधणारे कारागीर आहेत, पुण्याकडे मोठे कारखाने आहेत. जवळच्याकडे जाण्याचा मोठा फायदा म्हणजे काम चालू असताना तुम्ही स्वतः जाऊन पाहू शकता. त्यांनी याआधी बांधलेली, किमान दोन पावसाळे पाहिलेली एखादी गाडी दाखवायला सांगा. छताचे सांधे, दरवाज्याचं रबर आणि फरशीखालचा गंज बघा. कारागिराची पारख तिथेच होते.

कामाआधी मापांसह आराखडा कागदावर घ्या. वरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. मग शाळेच्या पटांगणात चुन्याने तेवढीच जागा आखा, खुर्च्या-टेबलं मांडा आणि डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांना खोटी तपासणी करायला लावा. कोण कुणाला धडकतं, रुग्ण कुठून आत येतो, कुठून बाहेर पडतो हे अर्ध्या तासात कळतं. एवढं केलं तर बांधून झाल्यावर कपाट हलवण्याची वेळ येत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि टप्पे अशा ठिकाणी ठेवा जिथे काम अजून उघडं आहे. पहिला टप्पा चौकट उभी राहून प्रायमर लागल्यावर, पत्रा बसायच्या आधी. दुसरा वायरिंग आणि नळ्या टाकून झाल्यावर, आतलं पॅनेल बंद व्हायच्या आधी. प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. पुढे गळती किंवा शॉर्ट झाला तर भिंतीत काय कुठे आहे हे त्या फोटोंतून कळतं. चॅसीच्या मुख्य पट्ट्यांना वेल्डिंग करू देऊ नका, बॉडी बोल्ट आणि ब्रॅकेटनेच बसवायची. कुठेही वेल्डिंग करताना गाडीची बॅटरी सोडवलेली असावी, नाहीतर इंजिनाचा कॉम्प्युटर जळतो.

आतल्या फरशीला पाणी न पिणारं मरीन प्लायवूड आणि त्यावर जाड व्हिनाइल, कडा भिंतीवर चार बोटं चढवलेल्या, म्हणजे धुता येते. प्रत्येक ड्रॉवरला खटका, प्रत्येक नटला न सुटणारी नायलॉनची कडी. खडीच्या रस्त्यावर साधा नट महिनाभरात सैल होतो.

सहावी पायरी: ऊन

चंद्रपुरात पारा ४७ अंशांवर गेलेला आहे. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून खूप जास्त तापतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. एका दुपारी त्या तापल्या तर आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडा पाहून कुणाच्या गोळ्या वाढतात. म्हणून उष्णतेकडे सोय म्हणून पाहू नका, तपासणी खरी ठरण्याचा तो पाया आहे.

छतात किमान ४० ते ५० मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा फोम) भरा, भिंतींत थोडं कमी चालेल. छत पांढरंच ठेवा. देणगीदार कंपनीला तिचे रंग हवे असतील तर ते बाजूला लावा, छताला नको. छतावर सौर पॅनेल थोडी उंच बसवली की त्यांची सावली छतावर पडते आणि मधून हवा खेळते. समोरासमोर दोन खिडक्या आणि छतात एक पंखा ठेवा, म्हणजे जुलै ते फेब्रुवारी बहुतेक दिवस एसीशिवाय निघतात.

औषधं आणि पट्ट्या रात्री गाडीत ठेवू नका. उचलता येतील अशा पेट्यांत भरून परतल्यावर खोलीत उतरवा. लस किंवा इन्सुलिन असेल तर २ ते ८ अंशांचा फ्रिज लागतो आणि त्यात तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र असावं.

सातवी पायरी: वीज आणि पाणी

वीज किती लागते याची यादी करा: यंत्र, वॅट, रोजचे तास. दिवे, पंखे, लॅपटॉप, छोटा फ्रिज, रक्ताचे नमुने फिरवणारं सेंट्रिफ्यूज हे सगळं मिळून रोज साधारण तीन ते चार युनिटांत बसतं. छतावर ५५० वॅटची दोन पॅनेल बसली तर विदर्भातल्या उन्हात जवळपास तेवढी वीज रोज तयार होते. पावसाळ्यात कमी. दीड टनाचा एसी मात्र एकटाच पाच तासांत तेवढी किंवा जास्त वीज घेतो, म्हणून त्यासाठी जनरेटर किंवा शाळेतली जोडणी धरा.

गावच्या विजेचा दाब कमी-जास्त होतो, तेव्हा स्टॅबिलायझर शिवाय यंत्र लावू नका. जोडणी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मीटरवरून, लेखी परवानगीने आणि बिलाचा वाटा देऊन घ्या. आकडा टाकून कधीही नाही, गावकऱ्यांनी प्रेमाने सुचवलं तरी नाही. गाडीत घरगुती एकतारी वायर नको, हादऱ्यांनी ती तुटते. बहुतारी तांब्याची वायर नळीतून न्या, बॅटरीजवळच फ्यूज ठेवा, विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा स्विच लावा आणि गाडी उभी केली की आधी अर्थिंगचा खिळा ओल्या जमिनीत ठोका.

पाण्याला दोन टाक्या: एक स्वच्छ, एक वापरलेल्या पाण्याची, दुसरी पहिलीएवढी किंवा मोठी. वापरलेलं पाणी गावच्या रस्त्यावर सोडू नये.

आठवी पायरी: कागदपत्रं

चॅसी घेऊन बॉडी बाहेर बांधली तर नोंदणीवेळी बॉडी बांधणाऱ्याकडून नमुना २२-अ चं प्रमाणपत्र लागतं. ते मिळणार का हे पैसे देण्याआधी विचारा. जुनी गाडी बदलून घेणार असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते.

रुग्णवाहिका आणि फिरता दवाखाना या वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णवाहिका म्हणून नोंदणी करायची तर एआयएस-१२५ हे मानक पाळावं लागतं. ते पाळलं नसेल तर सायरन आणि फिरता दिवा लावू नका. रुग्ण हलवायची वेळ आली तर १०८ ला फोन करा, गर्भवती आणि नवजात बाळासाठी १०२ आहे.

एक्स-रे बसवणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, मान्य आराखडा आणि काम करणाऱ्यांना किरणोत्सर्ग मोजणारे बॅज लागतात. त्यामुळे भिंतींचं आवरण आधी ठरतं आणि मगच गाडी. सोनोग्राफीबाबत तर दहा वेळा विचार करा. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली फिरत्या गाडीतली सोनोग्राफी इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकाचा भाग म्हणून, नोंदणी करूनच चालते. नुसती सोनोग्राफीची गाडी फिरवता येत नाही. हा कायदा मुलींच्या जिवासाठी आहे, त्यातून पळवाट शोधणाऱ्या देणगीदाराला नकार द्या. सुया, कापूस, रक्ताचे नमुने यांचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगीत पिशव्या-डब्यांत वेगळा करायचा असतो आणि तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो. कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार गाडी सुरू होण्याआधी झाला पाहिजे.

विमा घेताना आत बसवलेल्या यंत्रांची यादी किमतीसह पॉलिसीत घाला. एरवी भरपाई मिळते ती फक्त गाडीची.

पैशांच्या वाटा थोडक्यात: कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, आमदार-खासदार निधी, खाणी असलेल्या चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीत जिल्हा खनिज प्रतिष्ठान, आणि अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात ग्रामपंचायतींचा पेसा कायद्याखालचा निधी. यांतले बहुतेक गाडीला पैसे देतात, चालवायला देत नाहीत. रोज ८० किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १,७६० किलोमीटर होतात, लिटरला ९ किलोमीटर मिळाले तर जवळपास १९५ लिटर डिझेल. त्यावर पगार, टायर, दुरुस्ती, औषधं. किमान तीन वर्षांचा हा खर्च हाती किंवा लेखी वचनात नसेल तर गाडी घेऊ नका. बंद पडून गंजत असलेली गाडी गावाचा पुढच्या प्रत्येक गाडीवरचा विश्वास घालवते.

नववी पायरी: ताब्यात घेण्याआधी

रिकामी गाडी पाहून सही करू नका. यंत्रांच्या आणि माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती आत ठेवा, टाक्या भरा आणि वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी आणि सगळी मिळून अशी तीन वजनं घ्या, पावत्या फाइलला लावा. मग तुमच्या मार्गावरच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर आणि एका घाटात भरलेली गाडी चालवा. परत आल्यावर प्रत्येक ड्रॉवर, बिजागरी आणि नट तपासा. वॉशिंग सेंटरवर पाइपने सगळ्या बाजूंनी अर्धा तास पाणी मारा, आतून टॉर्चने सांधे बघा. वायरिंगचा नकाशा मराठीत, प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला लावून घ्या. शेवटचा हप्ता यानंतरच द्या.

दहावी पायरी: पहिले सहा महिने

सुरुवातीला कमी गावं घ्या. दिवसाला दोनच. यंत्रं प्रवासात हलतात, म्हणून सकाळी गावात पोहोचल्यावर निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर एकदा तपासून मगच पहिला रुग्ण घ्या. सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत दोष दिसला तर पक्की तपासणी कुठे होणार, अहवाल कोण आणून देणार आणि घरच्यांशी कोण बोलणार हे चाचणी सुरू करण्याआधी ठरलेलं हवं. तरुण मुलामुलींच्या लग्नाच्या बोलण्यांवर त्या कागदाचा परिणाम होतो. अहवाल बंद पाकिटात आणि समोर बसून समजावूनच द्या.

चालकाकडे रोजची वही असू द्या: किलोमीटर, डिझेल, टायरची हवा, बॅटरीचा आकडा, काय खडखडलं. आठवड्यातला एक दिवस गाडीच्या निगेसाठी कायमचा राखा आणि त्या दिवशी कुणी मंत्री आले तरी ती बाहेर काढू नका.

गाडी कधी ना कधी येऊ शकणार नाही, पूर असेल किंवा गिअरबॉक्स उघडलेला असेल. अशा दिवशी सकाळी आठच्या आत आशाताईंना फोन गेला पाहिजे, म्हणजे माणसं मजुरी बुडवून वाट पाहत बसणार नाहीत. रक्तदाब, साखर, मिरगी आणि सिकलसेलच्या गोळ्या ज्यांच्या संपत आल्या आहेत त्यांची गावनिहाय यादी दर शुक्रवारी काढून ठेवा. गाडी अडली की दोघांनी दुचाकीवर गोळ्यांची पेटी घेऊन निघायचं आणि त्या यादीतल्या पहिल्या नावापासून सुरुवात करायची.